ऑपरेशनच्या आधीचे महिने : आरोग्यमंत्र्यांना आणि विधिमंडळाला खुले पत्र

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
मा. वैद्यकीय शिक्षण मंत्री
आणि विधिमंडळाचे सर्व सन्माननीय सदस्य,
महाराष्ट्र राज्य

स.न.वि.वि.

मी बार्शी तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. माझ्या आईला चेन्नईत फुप्फुसं मिळाली आणि आज ती घरी आहे, स्वतःच्या श्वासावर आहे. हे आधीच सांगून टाकते, कारण हे पत्र कुठल्या डॉक्टरविरुद्धची तक्रार नाही. मला लिहायचं आहे ते ऑपरेशनच्या आधीच्या महिन्यांबद्दल. मदतीसाठी मी जेवढे अर्ज भरले, त्यातल्या एकाही अर्जात या महिन्यांसाठी रकाना नव्हता. ऑपरेशनला किती खर्च येणार, हे सगळ्यांनी विचारलं. तोवर तुम्ही कुठे राहणार, कशावर राहणार, हे कुणीही विचारलं नाही.

आईला आयएलडी हा फुप्फुसांचा आजार होता. या आजारात फुप्फुसं हळूहळू घट्ट होत जातात, श्वास घेतला तरी फुगत नाहीत. आधी जिना चढताना दम लागायचा, मग अंगण झाडताना, मग नुसतं बोलताना. औषधांनी आजाराचा वेग थोडा कमी होतो, पण निकामी झालेला भाग परत कामाला लागत नाही. प्रत्यारोपण मुंबई-पुण्यातही होतं. तरी पुण्याच्या डॉक्टरांनी आम्हाला चेन्नईचं नाव सुचवलं. ते म्हणाले, तिथला अनुभव मोठा आहे आणि तिथे अवयवही जास्त मिळतात. दुसऱ्या कारणाचा अर्थ मला तेव्हा पुरता कळला नव्हता. त्याकडे मी पुढे येते.

फेब्रुवारी २०२३ मध्ये केंद्र सरकारने अवयवांच्या यादीत नाव घालण्यासाठीची अधिवासाची अट काढून टाकली. ६५ वर्षांची वयोमर्यादा गेली आणि नोंदणीसाठी शुल्क घेऊ नये असंही राज्यांना सांगितलं गेलं. त्यामुळे बार्शीच्या बाईचं नाव तमिळनाडूच्या यादीत विनासायास लागलं. हा निर्णय ज्यांनी घेतला त्यांचे आम्ही ऋणी आहोत. पण नाव लागलं, की माणसाला नावापाठोपाठ तिथे जाऊन राहावं लागतं. दात्याच्या शरीरातून काढलेलं फुप्फुस चार ते सहा तासांत बसवावं लागतं. मूत्रपिंडाला दिवसभराची सवड असते, फुप्फुसाला आणि हृदयाला ती नसते. सोलापूरहून चेन्नईला जायला रेल्वेची अख्खी रात्र जाते. विमानात स्वतःचा सिलिंडर नेता येत नाही, आणि ऑक्सिजनवरच्या पेशंटला डॉक्टरांचं प्रमाणपत्र आणि कंपनीची परवानगी आधी मिळवावी लागते, ऐन वेळी ते होत नाही. म्हणजे त्या शहरात बिऱ्हाड करण्यावाचून मार्ग नाही. किती दिवस, हे कुणी सांगू शकत नाही. रक्तगट जुळायला हवा, छातीचं माप जुळायला हवं, आणि त्या दिवशी आपल्याहून अत्यवस्थ पेशंट पुढे नसायला हवा. आईची उंची कमी. धिप्पाड माणसाचं फुप्फुस तिच्या छातीत बसलंच नसतं. रक्तगट जुळूनही केवळ मापामुळे हुकलेल्या वेळा आम्हाला कोऑर्डिनेटरकडून, म्हणजे प्रत्यारोपणाचं काम जुळवून आणणाऱ्या हॉस्पिटलच्या माणसाकडून, कळायच्या.

आम्हा भावंडांत पाळ्या लागल्या. भावाचं कृषी सेवा केंद्र आहे. तो चेन्नईला आला की दुकानाला कुलूप. हॉस्पिटलजवळ तळमजल्यावरची दोन खोल्यांची जागा मिळाली. डिपॉझिट ऐकून भाऊ बराच वेळ काही बोललाच नाही. हवेतून ऑक्सिजन काढून देणारी विजेवरची यंत्रं, म्हणजे कॉन्सन्ट्रेटर, दोन, एक चालू आणि एक राखीव, आणि वीज गेली तर म्हणून दाराआड उभा सिलिंडर. यंत्र रात्रंदिवस चालायचं. त्याचा आवाज बंद झाला की आम्ही झोपेतून ताडकन उठायचो.

पेशंट या काळात नुसता पडून राहत नाही, हेही आपल्याला माहीत असावं. आईला रोज फिजिओथेरपी होती. ठरावीक दिवसांनी सहा मिनिटं चालवून रक्तातला ऑक्सिजन, म्हणजे सॅच्युरेशन, किती उतरतं ते पाहायचे. वजन एका मर्यादेखाली गेलं तर यादीतून नाव काही काळ बाजूला ठेवावं लागेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आणि आईला जेवताना धाप लागायची. भात-सांबार तिच्याने जाईना. मग गावाकडून ज्वारीचं पीठ यायला लागलं, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या हाती. मी भाकरी दुधात कुस्करून, वर प्रोटीनची पावडर घालून, चमच्याने थोडी थोडी भरवायची. दोन घास झाले की नाकातली नळी सारखी करायची, ऑक्सिमीटरवर आकडा वर येईपर्यंत थांबायचं, मग तिसरा घास. एका जेवणाला तास लागायचा. हे काम कुठली नर्स करत नाही. घरचं माणूसच लागतं, आणि ते चोवीस तास लागतं. हॉस्पिटलही पूर्णवेळ अटेंडंट असल्याशिवाय यादीत नाव घालत नव्हतं. त्यांचं बरोबरच होतं. मग ज्या अटेंडंटवाचून उपचारच सुरू होत नाहीत, त्याचा खर्च उपचाराच्या खर्चात का धरला जात नाही?

डिसेंबर २०२३ मध्ये मिचाँग चक्रीवादळ आलं. चेन्नईत पाणी शिरलं, विमानतळ बंद ठेवावा लागला, आमच्या भागातली वीज गेली. आम्ही कॉन्सन्ट्रेटरवरून सिलिंडरवर आलो आणि काट्याकडे पाहत बसलो. रस्त्यावर गुडघाभर पाणी, फोन लागेना. आमच्या घरमालकीण बाई वरच्या मजल्यावर राहायच्या. त्यांनी आपल्या मुलाला आणि वॉचमनला पाठवलं. त्या दोघांनी सिलिंडर खांद्यावर घेऊन पाण्यातून आणला, बदलला, आणि दुसरा आणायला परत गेले. त्यांना मराठी येत नव्हतं, मला तमिळ येत नव्हतं. आईने त्या मुलाच्या डोक्यावरून हात फिरवला आणि कानशिलावर बोटं मोडली. त्यांच्या जागी दुसरा कुणी घरमालक असता तर काय झालं असतं, हा विचार अजूनही माझ्या मनातून जात नाही.

फुप्फुस उपलब्ध झाल्याचा कॉल कसा असतो तेही लिहिते. रात्री फोन आला : निघा, काही खाऊपिऊ देऊ नका. आम्ही पोहोचलो, रक्त गेलं, आईची अंघोळ झाली, हिरवा गाऊन घातला, सह्या झाल्या. पहाटे डॉक्टर आले आणि म्हणाले, ते फुप्फुस तपासलं, पण चांगलं नाही, घालता येणार नाही. आम्ही घरी आलो. आई त्या दिवशी जेवली नाही. मी म्हटलं, अगं, पुन्हा येईल फोन, देवाला सांग. ती म्हणाली, "फोन येऊ दे म्हणजे कुणाचं तरी लेकरू जाऊ दे, असंच ना गं? मी नाही मागणार." त्यानंतर तिने स्वतःसाठी हात जोडलेले मी पाहिले नाहीत.

आमच्याच गल्लीत मराठवाड्यातलं एक कुटुंब होतं. वडील यादीत, मुलगा आणि सून सोबत. वडील वाट पाहतानाच गेले. दोन ट्रस्टनी त्यांना मदत मंजूर केली होती, चेक हॉस्पिटलच्या नावाने निघणार होते, ऑपरेशनसाठी. ऑपरेशन झालंच नाही, तेव्हा मदतही आली नाही. त्या मुलाच्या हाती राहिलं ते भाड्याचं, औषधांचं, ऑक्सिजनचं कर्ज, आणि वडिलांना गावी नेण्यासाठीच्या ॲम्ब्युलन्सचं बिल. मंत्रिमहोदय, आपण २०२५ मध्ये यकृत, हृदय, फुप्फुस यांसारख्या प्रत्यारोपणांसाठी पाच लाखांपलीकडच्या खर्चाला वेगळा निधी ठेवायचं ठरवलं, ही फार मोठी गोष्ट आहे. माझी विनंती आहे की त्या निधीत ऑपरेशनपूर्वीचा काळही बसवा. यादीत नाव आहे याचं कोऑर्डिनेटरचं पत्र आणि दर महिन्याला त्याचं नूतनीकरण, एवढ्या कागदावर पेशंट आणि सोबतचा एक माणूस यांचं घरभाडं, ऑक्सिजन आणि तपासण्यांचा खर्च मिळाला पाहिजे. पेशंट वाटेतच गेला तरी तोवरचा खर्च मिळाला पाहिजे. ऑपरेशननंतरही शरीराने नवा अवयव नाकारू नये म्हणून दिल्या जाणाऱ्या टाक्रोलिमस या औषधाची रक्तातली पातळी बघायला, दुर्बिणीने फुप्फुस आतून तपासायला, म्हणजे ब्राँकोस्कोपी करायला काही महिने हॉस्पिटलच्या जवळच राहावं लागतं. तेही यात धरा.

रजेचं दुखणं वेगळं. राज्य सरकारने महिला कर्मचाऱ्यांना मुलांसाठी १८० दिवसांची बालसंगोपन रजा दिली. केंद्र सरकारने २०२३ मध्ये अवयव देणाऱ्या आपल्या कर्मचाऱ्याला ४२ दिवसांची विशेष रजा दिली. दोन्ही निर्णय योग्य आहेत. पण मी मुलाची आई म्हणून नाही, आईची मुलगी म्हणून रजा मागत होते, आणि त्यासाठी नियमात काही नव्हतं. आम्ही शिक्षक दीर्घ सुट्टीचे कर्मचारी, त्यामुळे अर्जित रजा नावापुरती. अर्धवेतनी संपली, मग असाधारण, म्हणजे बिनपगारी. पगार थांबला त्याच महिन्यात चेन्नईचं भाडं वाढलं. माझे मुख्याध्यापक आणि सहकारी शिक्षकांनी माझा वर्ग आपापसांत वाटून घेतला म्हणून नोकरी टिकली. खाजगी कंपनीत रोजंदारीवर असणाऱ्या मुलाने काय करायचं? आधी आपल्या अखत्यारीतल्या कर्मचाऱ्यांसाठी पालकसंगोपन रजा सुरू करा. बाकीच्यांना मागायला आधार तरी होईल.

रेल्वे आपल्या हातात नाही, पण पत्र लिहिणं आहे. कॅन्सर, हृदयशस्त्रक्रिया, मूत्रपिंड प्रत्यारोपण, डायलिसिस अशा पेशंटना रेल्वे तिकिटात सवलत देते. फुप्फुस आणि यकृत प्रत्यारोपणाचे पेशंट त्या यादीत नाहीत.

राहण्याच्या सोयीबद्दल महाराष्ट्राला कुणी शिकवायला नको. गाडगे महाराजांनी माणसं रस्त्यावर झोपू नयेत म्हणून पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहूला धर्मशाळा बांधल्या. त्यांच्याच नावाची दादरची धर्मशाळा आज टाटा हॉस्पिटलच्या पेशंटना आणि त्यांच्या नातेवाइकांना आसरा देते, आणि तिथे देशाच्या कानाकोपऱ्यातून लोक येतात. बिहारच्या, बंगालच्या माणसाला आपण मुंबईत जागा दिली. मग चेन्नईत आणि हैदराबादेत आपल्या माणसांसाठी एक इमारत भाड्याने घेणं अवघड आहे का? दिल्लीत महाराष्ट्र सदन आहे. इथे तेवढा थाट नको. तळमजल्यावरच्या किंवा लिफ्टच्या खोल्या, न जाणारी वीज, ऑक्सिजनची सोय, एक सामायिक स्वयंपाकघर, आणि तमिळ किंवा तेलुगू आणि मराठी दोन्ही बोलणारा एक माणूस, एवढं पुष्कळ झालं. मला माझ्या गल्लीतच तंजावरकडच्या एक मराठी बाई भेटल्या होत्या. त्यांच्या घराण्याला तिकडे जाऊन कित्येक पिढ्या झाल्या. त्या आठवड्यातून एकदा येऊन आईजवळ बसायच्या आणि माझ्या फॉर्मचा तमिळ भाग वाचून दाखवायच्या. असा माणूस नशिबाने भेटावा लागू नये, तो तिथे नेमलेला असावा.

आता ते दुसरं कारण. तिथे अवयव जास्त का मिळतात?

आम्ही चेन्नईत असताना गावाकडून बातमी आली. माझ्या एका माजी विद्यार्थ्याचा थोरला भाऊ मोटारसायकलवरून पडला. डोक्याला मार, हेल्मेट नाही. एका सरकारी रुग्णालयात तो काही दिवस व्हेंटिलेटरवर होता, मग गेला. मी परत आल्यावर त्याच्या बायकोला भेटायला गेले. आई कशी आहे, हे तिनेच मला आधी विचारलं. मग म्हणाली, "बाई, डॉक्टर म्हणले मेंदू मेलाय, काही उपयोग नाही. अवयव देता येतात हे नंतर टीव्हीवर बघितलं. आम्हाला कुणी विचारलंच नाही. विचारलं असतं तर सासऱ्यांनी दिले असते, ते वारकरी माणूस." मला तिच्यासमोर बसवेना.

विचारणं हे कायद्याने बंधनकारक आहे. अवयव प्रत्यारोपणाचा १९९४ चा कायदा ज्या राज्यांना सर्वांत आधी लागू झाला त्यांत गोवा, हिमाचल प्रदेश आणि आपला महाराष्ट्र होता. २०११ च्या दुरुस्तीने अतिदक्षता विभागातल्या अशा पेशंटच्या नातेवाइकांना अवयवदानाबद्दल विचारणं हे रुग्णालयाचं कर्तव्य ठरवलं. जिथे प्रत्यारोपण होत नाही पण आयसीयू आहे, अशा रुग्णालयालाही अवयव काढून घेण्याचं केंद्र म्हणून नोंदणी करता येते. मेंदूमृत्यू म्हणजे मेंदूचं काम कायमचं थांबलेलं, हृदय मात्र यंत्राच्या आधाराने चालू. तो ठरवायला चार डॉक्टर लागतात, किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासणी लागते. न्यूरोसर्जन उपलब्ध नसेल तर त्याच्या जागी भूलतज्ज्ञ किंवा अतिदक्षता विभागाचा तज्ज्ञ (इंटेन्सिव्हिस्ट) चालतो. वैद्यकीय महाविद्यालयात आणि मोठ्या जिल्हा रुग्णालयात ही माणसं असतात. मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथे आपली चार विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्रं आहेत, मुंबईच्या केईएम रुग्णालयात प्रादेशिक कार्यालय आहे. यंत्रणा आहे, कायदा आहे. कमी पडतं ते त्या खाटेजवळ जाऊन कागद भरणारं आणि नातेवाइकांशी शांतपणे बोलणारं माणूस.

तमिळनाडूने सप्टेंबर २००८ नंतर हेच केलं. कांचीपुरम जिल्ह्यातल्या एका डॉक्टर दांपत्याने अपघातात गेलेल्या हितेंद्रन या आपल्या मुलाचे अवयव दिले. ती गोष्ट घरमालकीण बाईंनी मला काल घडल्यासारखी सांगितली. त्याच सुमारास सरकारने आदेश काढले, सरकारी रुग्णालयांत मेंदूमृत्यू जाहीर करण्याची पद्धत बसवली, यादी सरकारच्या देखरेखीखाली आणली. २०२३ पासून अवयवदात्याचे अंत्यसंस्कार तिथे शासकीय इतमामात होतात. २०२४ मध्ये तमिळनाडूत २६८ जणांचे मरणोत्तर अवयवदान झालं. महाराष्ट्रात १७२. २०११ च्या जनगणनेत आपण सव्वाअकरा कोटी होतो आणि ते सव्वासात कोटी. आपली माणसं कमी उदार आहेत असं मी मानणार नाही. त्या विधवा पोरीशी बोललेलं कुणीही मानणार नाही.

हे पत्र मी दोन्ही मंत्र्यांना लिहिलं, कारण जिल्हा रुग्णालयं एका खात्याकडे आहेत आणि सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं दुसऱ्या. अवयवदान या दोघांच्या मधे पडतं. एकत्र बसा. ज्या सरकारी रुग्णालयात व्हेंटिलेटर आहे तिथे प्रशिक्षित कोऑर्डिनेटर नेमा, आणि त्याला दुसऱ्या कामाला जुंपू नका. दर महिन्याला प्रत्येक रुग्णालयाने तीन आकडे जाहीर करावेत : किती पेशंटचा मेंदूमृत्यू तपासला, किती जाहीर झाले, किती कुटुंबांना विचारलं. कुटुंब नाही म्हणालं तर त्यांचा निर्णय, त्यांना कुणी एका शब्दाने दुखवू नये. पण विचारलं नाही, हे यापुढे चालता कामा नये. आज चेन्नईत आणि हैदराबादेत थांबलेल्या आपल्या माणसांचे महिने कमी व्हायचे असतील तर ते इथल्या, आपल्या आयसीयूतूनच कमी होतील. राहण्याची सोय आणि पैसा हा आजच्या पेशंटसाठी. हे काम उद्याच्या पेशंटसाठी.

माझ्या आईला शेवटी जे फुप्फुस मिळालं ते तमिळनाडूतल्याच एका सरकारी रुग्णालयातून आलं, एवढंच आम्हाला कळलं. नाव कळत नाही, कळूही नये. तिथल्या कुणीतरी त्या घरातल्या माणसांना विचारलं होतं, आणि ती माणसं हो म्हणाली होती.

येत्या अर्थसंकल्पीय अधिवेशनात या मागण्यांवर चर्चा व्हावी अशी माझी विनंती आहे. चेन्नईत थांबलेल्या काही मराठी कुटुंबांच्या मी अजून संपर्कात आहे. आपल्या खात्याच्या अधिकाऱ्याला त्यांच्याशी बोलायचं असेल, भाड्याच्या पावत्या, ऑक्सिजनची बिलं, रजेचे नामंजूर अर्ज पाहायचे असतील, तर त्यांच्या संमतीने सगळं देता येईल. त्यातल्या दोघांची तब्येत फार खालावली आहे, त्यामुळे हे लवकर व्हावं.

आपली विश्वासू,
बार्शी तालुक्यातील एक प्राथमिक शिक्षिका